डबा पडायला लागणारा वेळ

टेबलावर लिफ्टचे तीन डबे होते: एक धड, दोन चेपलेले. मनोऱ्याचं मॉडेल एक, उंची बरोबर पाच मीटर. कॅमेरा एक. माणसं चार: मावशी, मिस्त्री, दिग्दर्शिका आणि मी.

‘उल्कादल’चे चारही सिनेमे मावशीच्या याच वर्कशॉपमधून गेले होते. त्यातली अंतराळयानं, पूल, जळणारी शहरं इथेच लाकूड-प्लास्टरची बनली आणि इथेच मोडली. आता त्या सिनेमांवरून मालिका निघत होती. पहिल्याच भागात ऐंशी मीटरच्या मनोऱ्यावरून शत्रूचा सेनापती लिफ्टसकट खाली कोसळायचा होता.

सकाळपासून तो दोनदा कोसळला होता.

“ताई, हा पडत नाहीये, तरंगतोय,” दिग्दर्शिका म्हणाली. “सेनापती आहे की फुगा? तिसराही असाच गेला तर उरलेले अकरा शॉट मी कॉम्प्युटरवाल्यांना देणार. राग मानू नका.”

मावशीने राग मानला नाही. तिने मिस्त्रीला डब्याच्या तळाशी शिशाची पट्टी ठोकायला सांगितली. दुसऱ्या डब्यालाही तिने तेच केलं होतं.

“वजनाने काही होणार नाही,” मी म्हटलं. “जड काय, हलकं काय, सारख्याच वेळात पडतं.”

“घ्या! शास्त्रीणबाई बोलल्या,” मिस्त्री म्हणाला. “माझ्या पायावर मोठा हातोडा पडला तेव्हा कुठे होतं तुमचं पुस्तक?”

“तो लवकर पडला नाही, काका. जोरात लागला.”

मावशीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. “मग दोष कशात आहे ते सांग. नाहीतर झाडू घे हातात.”

जेवणाच्या सुट्टीत मी तो दोषच शोधत बसले होते. कॅमेरा सेकंदाला जितकी जास्त चित्रं टिपतो तितकी हालचाल पडद्यावर सावकाश दिसते. छोटं मॉडेल अवाढव्य वाटावं म्हणून हे करतात. सकाळच्या शॉटमध्ये मी एकेक चित्र मोजलं होतं. सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत एकशे एकवीस; पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं दिसतात, म्हणजे पाच सेकंद. ऐंशी मीटरवरून खरा डबा चारच सेकंदांत खाली येतो.

“कॅमेरा नेहमीच्या पाचपट वेगाने चाललाय,” मी म्हटलं. “पाचच का?”

“का म्हणजे?” मावशी म्हणाली. “चारही सिनेमे पाचपटीनेच काढलेत.”

“तेव्हा मॉडेल खऱ्यापेक्षा किती लहान असायची?”

“पंचवीसपट.”

“आणि हे?”

उत्तर मिस्त्रीने दिलं, कारण लाकूड त्याने कापलं होतं. “सोळापट. खिडकीतला सेनापतीचा चेहरा जवळून दिसायला हवा, म्हणून मोठं केलं.”

“पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पंचवीसचं वर्गमूळ पाच. सोळाचं चार. वेग चारपट हवा.”

दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशी मनोऱ्याभोवती एक फेरी मारून आली.

“मॉडेल मोठं झालं आणि कॅमेऱ्याचा वेग कमी करायचा? हे उलटंच नाही का?”

“मोठं म्हणजे खऱ्याच्या जवळ गेलेलं. खराखुरा मनोरा असता तर कॅमेरा साध्याच वेगाने चालवला असता ना तू?”

मावशीने हातातली शिशाची पट्टी खाली ठेवली.

“इतकी वर्षं पाच लावत आले,” ती म्हणाली. “बरोबर यायचं, म्हणून कधी विचारलं नाही.”

“मावशी, डबा एकच आहे.”

“दिसतंय मला. चुकलं तर माझं नाव खराब होईल, तुझं नाही. काका, ती पट्टी नको. आणि तू, चार लाव स्वतःच्या हाताने.”

मी सेकंदाला शहाण्णव चित्रं लावली. मिस्त्रीने शिडीवर चढून डबा आकड्याला अडकवला आणि दोरीचं टोक मावशीच्या हाती दिलं. तिने दोरी ओढली. डबा पडला, चेपला, धूळ उडाली.

दिग्दर्शिकेने शॉट तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी सेनापती जमिनीवर आदळताना तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग तिने फोन लावला. “कॉम्प्युटरवाल्यांना सांगा, थांबा. अकराही शॉट इथेच होतील.”

मी पहिल्या चित्रापासून मोजायला सुरुवात केली. मावशी मागे उभी राहून माझ्याबरोबर मोजत होती. सत्त्याण्णव चित्रं. चार पूर्णांक चार शतांश सेकंद.