दाराबाहेरच्या चपला

परतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर आला की आधी कापसाचा भाव वाचला जायचा. त्या दिवशी मात्र सगळे आतल्या पानावरच्या एका बातमीवर वाकले होते. जालन्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीतल्या तीन मुलींनी तक्रार केली होती. शिक्षण सारखं असूनही प्रोग्रॅमचं काम फक्त मुलांना मिळायचं. मुलींनी आकडे भरायचे, चहा करायचा, टेबलं पुसायची. विचारलं तर साहेब म्हणायचे, "लग्न करून जाणार तुम्ही, शिकवून काय फायदा?"

नावं छापली नव्हती. पण परतूरहून रोज रेल्वेनं त्या कंपनीत जाणारी मुलगी एकच होती, तातेरावांची बेबीनंदा.

"चहा करायला लावला म्हणून कुणी पेपरात जातं का?" एक जण म्हणाला. "असं असंल तर माझी बायको रोज पेपरात यायला पाहिजे."

सगळे हसले. टेम्पोवाला भुजंग मात्र हसला नाही. त्यानं आवाज खाली आणला.

"मागं मी त्या कंपनीत पार्सल घेऊन गेल्तो. दार बंद. आतून साहेबाचा आवाज. आन बाहेर एका बाईच्या चपला, लाल पट्ट्याच्या. दुसरं एकबी पायताण न्हाई. आता तुमचं तुम्ही समजून घ्या."

सगळे समजले. दारातली पायताणं पाहून आत किती माणसं आहेत हे ओळखायची सवय परतुरात लहान पोरांनाही होती. ऐकता ऐकता कोपऱ्यातल्या तातेरावांचा चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा उंबऱ्याकडे पाहिलं. चपला लाल पट्ट्याच्याच होत्या.

"बेबे, भुजंग पार्सल घेऊन आल्ता तवा साहेबासंग तू एकलीच होती का आत?"

"न्हाई आप्पा. सगळी पोरं होती. माझ्यासंगच्या त्या दोघी तेवढ्या सुट्टीवर होत्या."

"मंग पोरांची पायताणं कुठं गेल्ती?"

"पायात. ते बूट घालूनच बसतेत."

"मशीनच्या खोलीत?" तातेरावांचा आवाज चढला. "आमच्या सोसायटीतल्या कॉम्प्युटरपाशी चेअरमनबी अनवाणी जातो. मला शिकवू नको."

"तेच तर सांगून राह्यले. तिथं तो नेम फक्त बायांना हाये."

तातेरावांना ते पटलं नाही. सोमवारी कंपनीतच चौकशी होती, सरकारी अधिकारी बाई येणार होत्या. बाकीच्या दोघींना घरच्यांनी माघार घ्यायला लावली होती. बेबीनंदा गेली नाही तर तक्रार तिथंच संपणार होती, आणि गावात भुजंगाचं बोलणं खरं ठरणार होतं.

"जायचं न्हाई," तातेराव म्हणाले.

बेबीनंदाची आई गिरिजाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "भुजंगाच्या डोळ्यानं बघण्यापरीस आपल्या डोळ्यानं बघा की," त्या म्हणाल्या. "संग जा तिच्या."

"जातो. पण ही खोटी निघाली तर नोकरी बंद. मंग सोयरीक येईल ती बघायची."

सोमवारी गाडीत बापलेक समोरासमोर बसले. ओळखीचं कुणी डब्यात चढलं की तातेराव खिडकीबाहेर बघत.

कंपनीचं दार बंद होतं. आतून साहेबाचा मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. तातेरावांनी सवयीनं वाकून एक जोडा काढला.

"राहू द्या बाबा, राहू द्या," वॉचमन म्हणाला. "गड्यामाणसाला चालतं. बाईनं तेवढ्या काढायच्या."

तातेराव वाकलेलेच राहिले. दाराशी पायपुसण्याच्या बाजूला सँडलची एकच जोडी होती.

"ह्या कुणाच्या?"

"चौकशीच्या बाईसाहेबांच्या. आताच आत गेल्या."

बंद दार, साहेबाचा आवाज आणि बाहेर एका बाईचं पायताण. तातेराव त्या सँडलकडे बघत राहिले. भुजंग इथं असता तर तो हेही समजून बसला असता.

वॉचमननं दार उघडलं. टेबलांच्या रांगेखाली बूटच बूट दिसत होते. एकाच्या टाचेला चिखल वाळला होता.

बेबीनंदानं एक चप्पल काढली होती.

"घाल," तातेराव म्हणाले.

"अहो, धूळ जाते आत!" वॉचमन आडवा आला.

"आन त्या पोरांच्या बुटाला काय साखर लागलीय?" तातेरावांनी काढलेला जोडा पुन्हा पायात सरकवला. "चल बेबे. बाईसाहेबांच्या सँडल घे हातात. पहिलं त्याच दे त्यांना, मंग बाकीचं सांग."