भट्टीचा नियम

सकाळी सकाळीच तिने खिडक्या लावून घेतल्या, दोन जुन्या चादरी पिळून त्यांच्यावर टांगल्या आणि स्वयंपाक ऊन चढायच्या आत उरकून टाकला. फरशीवर पाण्याचा हबका मारला, पंख्यापुढे परातीत पाणी ठेवले. उन्हाळा सोसण्याचे हे साधेसुधे उपाय तिने शेजारीपाजारी विचारून जमवले होते, आणि स्लॅबखालच्या त्या एका खोलीत ते दुपारपर्यंत बरे चाललेही. मग वीज गेली. चादरींतली ओल खोलीतच कोंडली, आणि थोड्याच वेळात उकळत्या भांड्यावर झाकण ठेवावे तशी हवा झाली. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरून झळा. तिने एक उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली.

सगळे उपाय खोलीवर झाले होते. माणसावर एकही नव्हता, कारण खाटेवर पडलेल्या तिच्या सासऱ्यांचा तसा नियम होता.

आप्पांनी सारी उमर एका बेकरीच्या भट्टीसमोर काढली होती. तापलेल्या भट्टीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, विटा तडकतात, हा तिथला पहिला धडा. तोच धडा त्यांनी घरी आणला आणि तापलेल्या अंगाला लावला. लहानपणी मुलगा उन्हातून खेळून आला की अंग निवेपर्यंत त्याला न्हाणीच्या दारात उभे राहावे लागे. सून आली, तीही हळूहळू तसेच वागू लागली. वागता वागता तिला ते पटलेही. दुसरी गोष्ट त्यांच्या अभिमानाची होती. भट्टीवर नवा गडी घामाने निथळतो, मुरलेला माणूस कोरडा राहतो, असे ते म्हणत. घामावरून माणूस ओळखू येतो म्हणत.

त्या दिवशी सकाळी त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. जेवणाला त्यांनी हात लावला नाही. दुपार कलायच्या सुमारास मात्र त्यांनी तिला हाक मारली आणि दंड पुढे केला. दंड कोरडा ठक्क होता.

"बघ, आलं की नाही अंग वळणावर?"

तिला हायसे वाटले. शिवणयंत्रावर गणवेशांचा गठ्ठा पडला होता. ती पुन्हा पायंडलवर पाय ठेवून बसली. जरा वेळाने आप्पांनी पीठ फुगले का, असे विचारले. त्यांना थट्टेची सवय होती, म्हणून तिनेही फुगले म्हणून सांगितले. त्यांनी त्याच सुरात तेच परत विचारले. मग ते उठले, भिंतीचा आधार घेत कपाटापाशी गेले आणि कपाटाचे दार भट्टीचे झाकण ओढावे तसे दोन्ही हातांनी ओढू लागले. तिने त्यांना धरले. सदऱ्यातूनही तिच्या तळव्याला चटका बसला. तिच्या आधाराने ते खाटेवर आले आणि पडून राहिले ते डोळे अर्धे मिटून.

नवरा गाडी घेऊन दूरच्या फेरीवर होता. त्याचा फोन लागेना. तिने रुग्णवाहिकेचा क्रमांक लावला. पलीकडच्या बाईने पत्ता घेतला, वय विचारले, मग घाम येतोय का म्हणून विचारले.

"नाही. त्यांना सवय आहे. कोरडंच राहतं त्यांचं अंग," ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या आवाजात थोडी बढाईही आली.

मग त्या बाईने एकेक शब्द सुटा करून सांगितले की ही सवय नाही, हे लक्षण वाईट आहे. गाडी निघते आहे, पण गाडीची वाट बघत बसू नका. त्यांना थंड जागी न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, ओतत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तिने नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापलेले होते. गार पाणी एकाच ठिकाणी होते, तळमजल्यावरच्या काकूंच्या हौदात. ती जिन्यात धावली आणि कठड्यावरून काकूंना हाक घातली.

काकू वर आल्या, खाटेकडे पाहिले आणि पदर खोचत म्हणाल्या, "जन्मभर पाव भाजले, आता स्वतःला भाजून घेताय होय?" पण बोलताना त्यांनी आप्पांच्या काखेत हात घातलेला होता. दोघींनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, ओढणीने कमरेशी बांधले आणि खुर्ची पायरी पायरी खाली घेतली. मधल्या वळणावर खुर्चीचा एक पाय मोडला. तिथून पुढे दोघींनी आप्पांना खुर्चीवर घातलेल्या चादरीवरून ओढत नेले. सुनेच्या तोंडून एकसारखे "आप्पा, आलंच, आलंच" एवढेच निघत होते, आणि काय आले ते तिचे तिलाही सांगता आले नसते.

हौदाजवळच्या फरशीवर त्यांना निजवले. तिने तांब्या भरला आणि हात तिथेच थबकला. इतक्या वर्षांत या माणसाच्या इच्छेविरुद्ध तिने साधी खिडकीही उघडली नव्हती. काकू फक्त म्हणाल्या, "टाक गं."

पहिला तांब्या छातीवर पडताच आप्पा ताठ झाले. त्यांनी तिचे मनगट पकडले. एवढा जोर त्यांच्यात उरला असेल असे तिला वाटले नव्हते.

"पाणी नको. विटा जातील."

"भट्टी विझवलीय, आप्पा."

"कोणी सांगितलं?"

"मालकांनी," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग बोटे एकेक करून सैल झाली. मान कलंडलेली पाहून ती घाबरली, पण छाती हलत होती, उथळ आणि भराभर. तिने मानेवर ओतले, काखांत ओतले, सदरा टराटरा फाडून पोटावर ओतले. काकू पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. हात भरून आला की दुसऱ्या हाताने घालत, आणि एकीकडे रस्त्याकडे बघून रुग्णवाहिकेला शिव्या देत होत्या. अंगावरून फरशीवर येणारे पाणी कोमट लागत होते. तापलेल्या तव्यावर थेंब टाकत बसावे तसे तिला वाटले.

फोन वाजला. नवऱ्याचा होता. काकूंनी तो तिच्या कानाशी धरला. तिने दोन वाक्यांत सांगितले.

"पाणी कसलं वाजतंय?" त्याने विचारले.

"आप्पांवर ओततेय."

गाडीचे इंजिन ऐकू येत होते, ते त्याने बंद केले. न्हाणीच्या दारात अंग निवायची वाट बघत उभा राहणारा मुलगा तोच होता. त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

"अंग अजून तापलंय?"

"हो."

"मग थांबू नकोस," तो म्हणाला. "मी काही म्हणालो तरी थांबू नकोस."

आप्पांच्या अंगावर शहारा आला. दातावर दात वाजले. हे बरे की वाईट, ते फोनवरच्या बाईने सांगितले नव्हते, आणि काकूंनाही ठाऊक नव्हते. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येऊ लागला. वाट दाखवायला काकू धावल्या. ती जागची हलली नाही. एका हाताने पुठ्ठा उचलून घेतला आणि दुसऱ्या हाताने तांब्या पुन्हा हौदात बुडवला.