बाबांच्या मागची खुर्ची

गाढवपणा माझाच. सिनेमातली खोली मी थरावर थर देऊन रंगवली होती. आधी भिंत, मग खिडकी, मग खुर्ची, सगळ्यात वर खुर्चीत बसलेले बाबा. कॉम्प्युटर अडकायला लागला म्हणून वैतागून सगळे थर एकत्र केले आणि सेव्ह करून मोकळी झाले. बाबा खुर्चीला चिकटले ते चिकटलेच.

ॲनिमेशनच्या कोर्सचा हा शेवटचा सिनेमा. आज संध्याकाळी दिला नाही तर वर्ष गेलं. शेवटच्या शॉटमध्ये बाबा उठून बाहेर जातात. त्यांना उठवायचं तर मागची खुर्ची रंगवायला हवी, आणि ती रिकामी मी जन्मात पाहिली नव्हती. खरे बाबा दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या. डॉक्टर धड काही सांगत नव्हते.

"शेवट बदल," सर म्हणाले. बदलून काय करू, डोंबल? अख्खी खोली त्या उठण्यासाठीच रचली होती.

तडक घर गाठलं. आई दवाखान्यातून अंघोळीपुरती आली होती. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा हा एवढा ढीग.

"आई, ते कपडे काढ. मला खुर्ची बघायचीय."

"हात लावून तर बघ!"

"अगं, माझं वर्ष जाईल!"

"जाऊ दे. मला नाही बघवत ती तशी."

मला रडूच फुटलं. भीती, राग, सगळं एकदम. आई खुर्चीपाशी आली. मग एकेक कपडा उचलून घडी घालायला लागली. तळाशी बाबांचा शर्ट निघाला, तो तिने खांद्यावर टाकला.

खुर्चीच्या पाठीला वीतभर भोक होतं. आत वर्तमानपत्र कोंबलेलं.

"अगं बाई! तरीच हा माणूस उठत नव्हता," आई म्हणाली. "म्हणे, मस्त आहे, नवी कशाला? लबाड कुठला!" ती हसली, आणि हसता हसता तिने शर्टात तोंड खुपसलं.

मी भोकासकट खुर्ची रंगवली. आई निघताना लॅपटॉप तिच्यापुढे धरला. बाबा उठले, पायांनी चपला चाचपल्या, दाराबाहेर गेले. मागे भोक तेवढं राहिलं.

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"झालं ना तुझं? आता बसव त्यांना परत."

मी सिनेमा उलटा चालवला. बाबा पाठमोरे दारातून आत आले, चपला सोडल्या, बसले. भोक झाकलं.

"अजून एकदा," आई म्हणाली.