ओळ सतरा, नग शून्य

१. सांगाडा. नग एक.

हा सगळ्याच खुर्च्यांना लागतो. लहान, रुंद, घडीची, एका हाताने चालवायची. चाकाच्या खुर्चीचे डझनभर प्रकार, पण कॉम्प्युटरमध्ये चित्र एकच आणि त्याला जोडलेला एक तक्ता. कोणत्या प्रकारात कोणता भाग घ्यायचा, कोणता वगळायचा, ते तक्त्यात भरायचं. मग सुट्या भागांची यादी आपोआप तयार होते. आपोआप म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसलेली ती करते.

"खपत नाहीत ते प्रकार उडवा," साहेब सकाळीच म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तक्ता हलका झाला पाहिजे. एका हाताची आधी काढा."

"लोक वापरतात अजून, साहेब."

"कोण लोक?"

ती एकालाच ओळखत होती. तो आत्ता तिच्या स्वयंपाकघराच्या दारात बसला असणार, आणि त्याचं रॅचेट घसरत असणार.

४. चाक, मोठं. नग दोन.

(दोन आणि तीन सोडले. तेही चाकंच.)

दादाची डावी बाजू गेल्यापासून तो उजव्या हाताने दांडी मागेपुढे करत खुर्ची चालवतो. दांडीखालचं रॅचेट, म्हणजे दांडी ओढली की चाक पुढे रेटणारा दातेरी भाग, झिजतं. नवं मिळतं, पण यादीत त्याची ओळ असेल तोवरच. ओळ गेली की कारखाना त्याचा साचा भंगारात काढतो.

दुपारी त्याचा फोन आला.

"काय गं, माझं रॅचेट?"

"आणते."

"कधीची आणतेयस! बाथरूमला जायला मुहूर्त बघावा लागतो मला."

"दादा, ऑफिसात आहे मी."

"मग? मीही खुर्चीतच आहे. मला कोणी पगार देत नाही एवढंच."

९, १०, ११. नट, वॉशर, पुन्हा नट.

उडवला. उडवला. उडवला. एका हाताच्या प्रकारावर येऊन माऊस थांबला. डोळे चुरचुरत होते. साहेबांशी वाद घालायचं त्राण नव्हतं. घरचं माणूस आहे म्हणून सांगावं, तर उद्यापासून तिच्या प्रत्येक यादीत कोणीतरी तिचा नातेवाईक शोधला असता.

तिने तोही प्रकार उडवला.

पडद्यावर प्रश्न आला: आता कुठेच न लागणाऱ्या भागांच्या ओळी काढून टाकू?

प्रकार गेला, तरी ओळ राहिली तर साचाही राहणार होता. तिने "ठेवा"वर बोट दाबलं.

१७. रॅचेट, उजवं. नग शून्य.

साहेब निघता निघता टेबलाशी आले.

"ही शून्याची ओळ कसली? काढा."

"काढली तर खालचे सगळे आकडे एकेकाने वर सरकतील, साहेब."

"सरकू देत."

शेजारच्या टेबलावरून गोल्याने मान वर केली. ड्रॉइंगमधल्या प्रत्येक भागाशेजारी गोल काढून त्यात यादीतला आकडा घालायचा, हे त्याचं काम. म्हणून गोल्या.

"मग गोल सगळे नव्याने, साहेब. राहिलेल्या सगळ्या खुर्च्यांचे. पुन्हा तपासणी, पुन्हा तुमच्या सह्या."

"माझ्या?"

"पानापानावर."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचीही बॅग खांद्यावर होती.

"राहू दे. शून्य कोणाला जड होतंय?"

ते गेल्यावर गोल्या म्हणाला, "कोण आहे तुझं त्या सतरात?"

"भाऊ."

"आधी सांगायचंस ना, अजून घाबरवलं असतं!"

तिने सुट्या भागांच्या मागणीत एक रॅचेट टाकलं आणि मशीन बंद केलं.

२३. पायटेकू. नग दोन.

"आणलंस?" दादा दारातच होता.

"नाही. पण त्याचा साचा वाचला. मागणी टाकलीय."

"कधी येईल?"

"ते विचारू नकोस."

त्याने दांडी ओढली. कट्ट. घसरली. पुन्हा ओढली. घसरली.

"ढकल मग. मुहूर्त टळतोय."

खांद्यावरची पर्स न काढताच तिने मागच्या मुठी धरल्या आणि सांगाडा, चाकं, नट, वॉशर, दादा, सगळं मिळून बाथरूमकडे ढकलायला लागली.