अर्धी दाढी

फेस

अध्यक्षांच्या तोंडाला फेस लावलेला, त्यामुळे दुकानात आज दुसऱ्या कुणालातरी बोलायला मिळत होतं.

"दाजी, आज तुमचाच दिवस," बाकावरचा टेम्पोवाला म्हणाला. "चौकीत जायचं, जबाबावर सही ठोकायची. शिंपीबुवा बसले मग आत बटणं लावत."

अध्यक्ष म्हणजे दाजींच्या बायकोचे धाकटे भाऊ आणि वॉर्डातले पक्षाचे अध्यक्ष. ते दाजी म्हणायचे म्हणून सगळी गल्लीच या सलूनवाल्याला दाजी म्हणायची.

परवा प्रचारफेरीत एक दगड आला. फेरीतल्या कुणाला लागलाच नाही. ड्यूटी संपवून घरी निघालेल्या एका नर्सच्या डोळ्याला लागला. डोळा वाचेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्या क्षणी दाजी हातातला ब्रश तसाच घेऊन दारात धावले, डावा हात लांब केला आणि ओरडले, "डावीकडून! मी पाहिलाय!"

दारात उभं राहिलं की उजवीकडे आपल्या पक्षाचा मांडव. डावीकडे शिंप्याचं दुकान, त्यावर विरोधी पक्षाचा झेंडा आणि पायरीवर खुद्द शिंपी. पोलिसांनी त्याला गळ्यातल्या टेपसकट उचललं. गेल्या निवडणुकीपासून दाजी त्याच्याशी बोलत नव्हते. खोटं कशाला, परवा रात्री त्यांना झोप छान लागली होती.

डावा गाल

वस्तरा कानापासून खाली आला.

"पण तो कबूल करत नाही म्हणे," बाकाच्या कोपऱ्यातून पेन्शनर म्हणाले.

"करेल कसा? त्यांची जातकुळीच तसली. दाजींनी डोळ्यांनी बघितलंय. काय हो दाजी?"

दाजींनी आरशात पाहत मान हलवली. आरशात त्यांच्या खांद्यामागे रस्ता दिसत होता. डावीकडून मांडववाला लांबलचक बांबू घेऊन येत होता. बांबूचं टोक दाराच्या काचेकडे वळलं.

"अरे, काच! काच!" दाजी गर्रकन वळले.

बांबू उजवीकडे होता.

मांडववाला हसला, बांबू सावरला आणि पुढे गेला. दाजी तसेच उभे. पुन्हा आरशाकडे तोंड केलं: बांबू डावीकडून उजवीकडे. पुन्हा दाराकडे: उजवीकडून डावीकडे.

हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? अख्खं आयुष्य रस्त्याकडे पाठ करून रस्ता बघण्यात गेलेलं. पण परवा...

(परवा ते दाढीच करत होते. दगड त्यांनी आरशात पाहिला. डाव्या बाजूने येताना. मग धावले, वळले, दारात उभे राहिले. आणि हात मात्र डावाच वर केला.)



गळा

अध्यक्षांनी मान मागे टाकली. वस्तरा गळ्यावर. आता ते हूं की चूं करणार नाहीत. सांगायचं तर हीच वेळ, दाजींच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं: गळ्यावर पातं ठेवून सांगितलेलं कोण कशाला खरं मानेल?

त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, फळीवर ठेवला.

"अध्यक्ष, दगड उजवीकडून आला."

"ऑं?" फेसातून आवाज आला.

"मी आरशात पाहिला होता. वळताना बाजू फिरली, हात फिरला नाही. आपल्या मांडवाकडून आला तो."

टेम्पोवाला खो खो हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. "दाजी, पलटी मारली की काय? कुणी गाठलं तुम्हाला?"

"बांबूने."

अध्यक्ष उठून बसले. "कुणी टाकला? नाव सांगा."

"कुणी टाकला ते दिसलं नाही. कुठून आला तेवढंच दिसलं."

"मग झालं तर! दाजी, तुम्ही घरचे आहात म्हणून सांगतो. परवा त्यांनी टाकला नसेल, उद्या टाकतील. टाकणारेच लोक आहेत ते. मागे आमची पोस्टरं फाडली तेव्हा कुणी सही केली होती आमच्यासाठी?"

"फाडली ती फाडलीच. त्याचीही सही करतो, आणा कागद."

"मस्करी नको. आठवड्यावर मतदान आलंय. सगळ्या वॉर्डात माझं नाक कापताय तुम्ही."

"वस्तरा मिटलाय, अध्यक्ष."

पेन्शनरांना ठसका लागला. अध्यक्षांना नाही.

"एकच सांगा," ते हळू म्हणाले, आणि हळू बोललेलं जास्त लागलं. "तुम्ही आमचे की त्यांचे?"

"मत तुम्हालाच. आजवर दिलं, यंदाही देणार. दगड मात्र उजवीकडून आला."

"ताईला काय सांगाल? भावाला तोंडावर पाडला म्हणून?"

संध्याकाळी घरात काय वाढून ठेवलंय, ते दाजींना दिसत होतं; आरशाची गरज नव्हती. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "बसा. उजवा गाल राहिलाय. असं बाहेर कसं जाणार? दाढी पुरी करतो, मग मी चौकीत जातो. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी."

अध्यक्षांनी मिटलेल्या वस्तऱ्याकडे पाहिलं, मग दाजींच्या हाताकडे. त्यांनी गळ्याचा टॉवेल ओढून काढला, तोंड पुसलं आणि तो खुर्चीत टाकला.

उजवा गाल

राहिला.

दाजी आरशाकडे तोंड करून उभे होते. अध्यक्ष दाराबाहेर पडले आणि आरशात डावीकडे चालू लागले, एक गाल गुळगुळीत, एका गालावर खुंट. दाजींनी मुद्दाम वळून पाहिलं.

उजवीकडे. मांडवाकडे.

"चौकी कुठल्या बाजूला?" टेम्पोवाल्याने विचारलं. टोमणा होता की खरंच विचारत होता, कळलं नाही.

"शिंप्याच्या दुकानावरून," दाजी म्हणाले आणि शटर ओढायला हात वर केला. कुठला हात, तेही त्यांनी एकदा बघून घेतलं.