नको असलेला आवाज

"चाळीस मिनिटांत आमच्या ड्रायव्हरकाकांचं 'नमस्कार'सुद्धा पुरं होत नाही," बाई म्हणाल्या. "हे नको. दुसरं बघ."

चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडणारं फुकटचं पहिलं सॉफ्टवेअर तिथंच बाद झालं. बाई म्हणजे आमच्या केंद्रातल्या वाचा-शिक्षिका. झटका येऊन ज्यांचं बोलणं गेलं, त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. मी नोंदणीच्या खिडकीवरची कारकून. एकोणीस वर्षं नाव, वय, पत्ता लिहून घेते आहे. संगणकातलं मला काय कळणार, कपाळ! पण बाईंना तर साधा फोन नीट लावता येत नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं ते काम माझ्या गळ्यात पडलं.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीच्या अर्जावर साहेबांनी 'पाहू' असा शेरा मारला, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. अर्धं अंग लुळं पडलेली माणसं तीन जिने चढणार कशी? बुधवारचा वर्ग व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. दुसरं सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण त्याला दर महिन्याला पैसे भरायचे होते. साहेब म्हणाले, "फुकट ते पौष्टिक. शोधा, सापडेल."

आणि सापडलं की! पैसे नाहीत, वेळेची कटकट नाही, पासवर्ड नाही. लिंकवर बोट ठेवलं की वर्गात हजर. वर घरातला गोंगाट आपोआप गाळून टाकायची सोय. मी दोन दिवस नुसती मिरवत होते. साहेबांनीसुद्धा कधी नव्हे ते मला चहा पाजला.

वर्गात ड्रायव्हरकाका, शिंपीदादा धरून पाच जण आणि नियम एकच. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. पाच मिनिटं लागोत की दहा, ओठ नुसते हलत राहोत, बाकीच्यांनी गप्प बसून वाट बघायची. घरची माणसं मायेपोटी तोंडातला शब्द काढून घेतात आणि त्या मायेनंच माणूस मुका होतो, असं बाईंचं म्हणणं. नियम मोडला की बाई साहेबांनाही सोडत नसत.

त्या पाचांत एक घड्याळजी. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून हे नाव. आता उजवा हात मांडीवर पडलेला आणि आवाज घशातल्या घशात, खरखरता. घरी एकटेच, दिवसभर सांभाळायला एक मावशी. मुलगी परदेशात पुलांचे आराखडे करायची. एके दिवशी तिचा मला फोन आला.

"ताई, खरं सांगा, बाबांना बोलता येतं का? माझा फोन आला की ते मावशींच्या हातात देतात. बोलता येत नसेल तर मी नोकरी सोडून येते. इथं मला झोप लागत नाही."

"बुधवारी वर्गाला या," मी म्हटलं. "स्वतःच्या कानांनी ऐका आणि मग ठरवा."

मुलगी नोकरी सोडायचं म्हणते हे बाईंनी घड्याळजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. नाही म्हणजे नाही! पोरीनं दोन वर्षं धडपडून ती जागा मिळवली होती. मग बाई रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन तीन शब्द घोटून घेऊ लागल्या. 'नोकरी सोडू नकोस.' 'सोडू'वर गाडं अडायचं. तीन आठवडे लागले, तोवर मुलीला मी थांबवून धरलं. मंगळवारी केंद्राचा टॅब लावून द्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी ते अख्खं वाक्य माझ्यासमोर म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

नेमकं त्यांच्या वरच्या मजल्यावर भिंती फोडायचं काम चाललं होतं. उद्या पोरगी ऐकणार आणि हा धडधडाट? मी गोंगाट गाळायची सोय शेवटच्या खुणेपर्यंत सरकवली. मावशींना बजावलं, "उद्या दार लावून बाहेर बसा. मध्ये बोलू नका."

बुधवारी सगळे आले. मुलगी दिसली, घड्याळजी हसले आणि त्यांचे ओठ हलू लागले. आम्ही वाट बघत राहिलो. ओठ थांबत, पुन्हा हलत. कपाळावर घाम आला. शिंपीदादांनी तर मान खाली घातली. दहा मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही. मग घड्याळजी थांबले आणि आमच्या तोंडांकडे बघू लागले.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबलोय."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला कळेना काय झालं. त्यांनी आणखी एकदा ओठ हलवले आणि मग मिटून घेतले.

"असू दे बाबा," मुलगी म्हणाली. "दमू नका. मी येतेय."

ती महिन्याभरात आली. घड्याळजींनी वर्ग सोडला. घरीसुद्धा तोंड उघडत नाहीत म्हणाली, आणि टॅब परत देऊन गेली.

मी तो शिंपीदादांना दिला. पहिल्याच बुधवारी ते ओठ हलवत होते, आम्ही शहाण्यासारखे वाट बघत होतो, आणि त्यांची बायको ओरडत पडद्यासमोर आली. "अहो, दोनदा बोलून झालं त्यांचं! तुम्ही सगळे पुतळ्यासारखे काय बसलात?"

त्या टॅबवर ती खूण अजून शेवटालाच होती. मी शिंपीदादांकडे धावले, टॅबसमोर बसून घड्याळजींसारखं घशातल्या घशात बोलून पाहिलं, फोनवर पलीकडे बाई म्हणाल्या, "अगं, काहीच येत नाही." मोठा आवाज जात होता. तसला खरखरता आवाज त्या फुकटच्या शहाण्यानं गोंगाट समजून गाळला होता. मी मावशींना फोन लावला.

"बोलले की," मावशी म्हणाल्या. "दाराआडून ऐकलं मी. चार वेळा म्हणाले. तरी पोरगी आलीच, म्हणून रुसलेत ते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. घड्याळजी खिडकीशी बसले होते. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. खूण मीच सरकवली होती, तेही.

"तिकडं माझी जागा भरली, ताई," एवढंच मुलगी म्हणाली.

घड्याळजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता टेबलावर थाप बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीकडे मान वळवली.

"नो... करी," ते म्हणाले. किती वेळ गेला कोण जाणे. "सो... सोडू." मुलगी जागची हलली नाही. "नकोस."

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "अख्खं ऐकलं."

त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलीनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली आणि ती ऐकत बसली.