अहो-जाहो

सकाळी बाई बाहेर पडायला चपला घालत होत्या, तेवढ्यात फोन आला. बाइंडरची धाकटी बहीण बोलत होती.

"बाई, हसू नका हं. काल दादा मला 'तुम्ही' म्हणाला. 'तुम्ही चहा घेणार का?'"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घातलेली चप्पल परत काढली.

वेडाच्या भरात हातून गुन्हा घडला म्हणून न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसांना चारचौघांत राहताना सांभाळायचं, हे बाईंचं काम. पुस्तकं शिवणारा हा बाइंडर त्यांतलाच एक. पूर्वी आजारात त्याला वाटू लागलं, की वडिलांना कुणी पळवलंय आणि त्यांचा चेहरा लावून भलताच माणूस खुर्चीत बसलाय. परक्या माणसाला आपण 'अहो' म्हणतो, तसा तोही जन्मदात्याला अहो-जाहो करू लागला. घरचे खूश झाले. पोराला वळण लागलं म्हणाले. आठवडाभरात त्याने वडिलांच्या डोक्यात हातोडी घातली. वडील गेले. आता त्याला जगात ही एक बहीण उरली होती, आणि एरवी तो तिला 'ठमे' म्हणायचा.

"आता त्याच्याकडे जायचं नाही. मी सांगेपर्यंत फोनही करायचा नाही," बाई म्हणाल्या.

"पण बाई, त्याला परत आत टाकतील?"

"ते माझ्यावर सोड."

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. "मानसन्मान वाढला म्हणून गोळी वाढवू?" डॉक्टर हसले. "पुढच्या आठवड्यात आणा." मग देखरेख समितीचे साहेब. ते दुसऱ्या टोकाला. "धोका वाटतोय ना? मग टाका आत. उद्या काही झालं तर तुमच्याही गळ्याशी येईल आणि माझ्याही."

"धोका आहे. म्हणूनच आज तपासून घेते. तो स्वतःहून दवाखान्यात आला नाही, तर संध्याकाळी मीच तुम्हाला आदेश काढायला सांगेन," बाई म्हणाल्या.

बाइंडिंगच्या कारखान्यात डिंकाचा वास कोंदला होता. मालकांना बाजूला घेऊन बाईंनी कापायच्या यंत्राची किल्ली काढून ठेवायला सांगितली. बाइंडर खिडकीशी बसून पुस्तक शिवत होता. कारखान्याची मांजर त्याच्या कागदांवर येऊन बसली.

"उठता का जरा?" तो मांजरीला म्हणाला.

"कालपासून असंच चाललंय," मालक कुजबुजले. "आम्हाला वाटलं, गंमत करतोय."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांना तो पहिल्यापासून 'तुम्ही'च म्हणे. त्यामुळे आपण त्याला अजून आपल्याच वाटतो की परक्या, हे कळायला त्यांच्यापाशी मापच नव्हतं.

"बहीण आली होती म्हणे."

"हो. त्या आल्या होत्या."

"त्या?"

त्याची सुई थांबली. "दिसतात अगदी तिच्यासारख्या."

बाईंनी वाद घातला नाही. त्याच्यासमोरच्या छापील कागदांच्या न शिवलेल्या घड्या त्यांनी नीट एकावर एक रचल्या. प्रत्येक घडीच्या पाठीवर एक काळी खूण असते. क्रम बरोबर असेल तर खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. बाईंनी मधली एक घडी काढली. जिन्याची एक पायरी नाहीशी झाली.

"बरा असताना तू मला काय बजावलं होतंस?"

त्याने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मी घरच्यांना अहो-जाहो करायला लागलो," तो हळूच म्हणाला, "तर माझं ऐकू नका. पायरी चुकलीय समजा."

"मग?"

"पण मला तर सगळं बरोबर वाटतंय, बाई."

"बरोबर. आतून तसंच वाटतं. म्हणून तर खूण पाठीवर असते."

त्याने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. धागा तोडला नाही, नुसता गुंडाळून ठेवला. "चला," तो म्हणाला.

दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, आज जागा नाही. बाई डॉक्टरांच्या दाराशीच बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना ओलांडून जावं लागे. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले. बाइंडरचा हात हातात घेऊन त्यांनी पिवळी पडलेली बोटं पाहिली.

"सिगारेट कधीपासून?"

"मालकांकडे सगळेच ओढतात. महिना झाला असेल."

डॉक्टरांचं हसू मावळलं. धुराने शरीर हे औषध भराभर संपवतं. गोळी तीच, पण रक्तात पोचत होती निम्मीशिम्मी. बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. दर भेटीत गोळ्या मोजल्या, बोटं पाहायची राहिली.

रक्त घेतलं, मात्रा वाढवली. साध्या वॉर्डात तो स्वतःच्या सहीने दाखल झाला. बाईंनी साहेबांना तसं कळवलं आणि त्यांचा सुस्कारा ऐकून फोन ठेवला.

निघताना त्याने त्यांना हाक मारली. "बाई, काल आलेल्या त्या बाईंना इकडे येऊ देऊ नका. मला त्यांची भीती वाटते." मग मान खाली घालून म्हणाला, "आणि ठमीलाही नको. मी बरा होईपर्यंत."

तो घरी परतल्यावरही काही आठवडे बाई दोघांना भेटू देत नव्हत्या. डॉक्टरांनी मान डोलावल्यावर त्यांनी बहिणीला एक फोन करायला परवानगी दिली. थोड्याच वेळात बहिणीचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळेना.

"बाई! म्हणाला, 'ठमे, इतके दिवस कुठे उलथली होतीस?'"

बाईंनी एक श्वास सोडला.

"छान. आता मालकांना विचारते," त्या म्हणाल्या, "मांजरीला काय म्हणतो ते."